इंजिनाच्या भागांचं पावडर कोटिंग घरी करायचं आहे? मग आधी हे वाचा

"टॅपेट कव्हर घरच्या ओटीजीत भाजलं तर चालेल का?" "एक्झॉस्टलाही हीच पावडर लावू का?" "कोटिंग छान झालं, पण गाडी तेल गाळायला लागली, असं का?" जुनी फियाट, ॲम्बॅसेडर किंवा जीप घरच्या घरी उभी करणाऱ्या वाचकांकडून हे प्रश्न सतत येतात. व्हिडिओत सगळं दहा मिनिटांत उरकतं. भाग धुतला, पावडर मारली, भाजला, बसवला. त्यात न दिसणाऱ्या गोष्टींवर हा लेख आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करा. कोटिंग बिघडलं तर ते काढून पुन्हा करता येतं. ब्लास्टिंगची रेती किंवा पावडरचा कण इंजिनात गेला तर बेअरिंग आणि क्रँकच खराब होतात. म्हणून या कामात रंगाच्या सफाईपेक्षा इंजिनाची सुरक्षितता आधी. पुढच्या सगळ्या सूचना याच हिशेबाने दिल्या आहेत.

काम नेमकं काय होतं?

पावडर म्हणजे रेझिन, हार्डनर आणि रंगद्रव्य यांचं कोरडं चूर्ण. गन त्या कणांना विजेचा भार देते. भागाला अर्थिंग दिलेलं असल्यामुळे ते कण धातूला चिकटून बसतात. मग भाग ओव्हनमध्ये साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसवर ठेवला की पावडर वितळते, पसरते आणि रासायनिक क्रियेने घट्ट होते, म्हणजेच पिकते. थर साधारण ६० ते ८० मायक्रॉनचा हवा. यापेक्षा जाड थर जास्त मजबूत असतो, हा समज चुकीचा आहे. जाड थराला टवके लवकर उडतात आणि फिटिंगही बिघडतं.

कोणते भाग घ्यावेत?

घरच्या कामाला हे भाग योग्य:

- पत्र्याचं टॅपेट कव्हर. ॲम्बॅसेडरच्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनावर असतं तसं. पत्रा लवकर तापतो आणि त्यात ओतीव धातूसारखी बारीक छिद्रं नसतात. पहिल्या प्रयोगाला हाच भाग घ्या.
- ब्रॅकेट. अल्टरनेटर, एसी कॉम्प्रेसर, कॉइल यांचे.
- पत्र्याचे इतर भाग. बॅटरी ट्रे, एअर फिल्टरचा जुना गोल डबा, पंख्याचं कडं.
- ओतीव ॲल्युमिनियमचं टॅपेट कव्हर आणि इनटेक मॅनिफोल्ड. हे होतात, पण हात बसल्यावरच घ्या. कारण पुढे दिलं आहे.

हे भाग घेऊ नका:

- एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, टर्बोची एक्झॉस्टकडची बाजू, सायलेन्सर पाइप. साधी पावडर साधारण २०० अंशांच्या पुढे टिकत नाही. एक्झॉस्ट याच्या कितीतरी पुढे जातं. कोटिंग आधी पिवळं पडतं, मग जळून निघतं आणि बॉनेटखाली धूर होतो. त्यासाठी सिरॅमिक कोटिंग करून घ्या.
- रबर असलेली क्रँक पुली. बऱ्याच गाड्यांच्या क्रँक पुलीत आतल्या आणि बाहेरच्या कड्याच्या मध्ये रबर असतं. ओव्हनमध्ये ते कामातून जातं. बाहेरून पुली ठीक दिसते आणि पुढे चालू गाडीत कडं निसटतं.
- जुना पितळी रेडिएटर. त्याचे सांधे शिसं-कथिलाच्या डाकाचे असतात. हा डाक साधारण १८३ अंशांपासून वितळायला लागतो. म्हणजे कोटिंग पिकण्याच्या आधीच सांधे सुटतात.
- पेट्रोलची टाकी आणि कार्ब्युरेटर. टाकी कितीही धुतली तरी आत वाफ राहते. ती ओव्हनमध्ये घालणं म्हणजे स्फोटाला आमंत्रण.
- मॅग्नेशियमचे भाग. काही गाड्यांची कव्हरं आणि केसिंग या धातूची असतात. ब्लास्टिंगमध्ये उडालेली मॅग्नेशियमची धूळ पेट घेते. भाग ॲल्युमिनियमपेक्षाही हलका लागला तर आधी मेकॅनिककडून खात्री करा.
- प्लास्टिकचे भाग. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत टॅपेट कव्हर आणि इनटेक मॅनिफोल्ड प्लास्टिकचंच असतं. ओव्हनमध्ये त्याचा गोळा होतो.
- आतले फिरते भाग, ब्लॉक आणि हेड. कनेक्टिंग रॉड, कॅम, पिस्टन यांना कोटिंगची गरज नसते. शिवाय हीट ट्रीटमेंट केलेले ॲल्युमिनियमचे भाग २०० अंशांवर भाजले तर त्यांची मजबुती कमी होऊ शकते.

आधी ठरवा: घरी, दुकानात की स्प्रे पेंट?

स्वतःला तीन प्रश्न विचारा.

1. भाग ओव्हनमध्ये मावतो का? गन घेण्याआधी भाग टेपने मोजा. चार सिलिंडरच्या गाडीचं टॅपेट कव्हर बहुतेक घरगुती ओटीजीत मावत नाही. भाग आणि हीटरची सळई यांच्यात सगळ्या बाजूंनी निदान काही इंच जागा हवी. नाहीतर जवळची बाजू करपते आणि लांबची कच्ची राहते.
2. स्वतंत्र, बंदिस्त आणि हवेशीर जागा आहे का? फ्लॅटची बाल्कनी किंवा स्वयंपाकघर या कामाचं नाही. गॅरेज, शेड किंवा बंगल्यामागची खोली लागते.
3. एका गाडीनंतर पुढेही अशी कामं करणार आहात का? एखाद-दुसऱ्या कव्हरासाठी गन, कॉम्प्रेसर आणि ओव्हन घेणं परवडत नाही.

तिन्हीची उत्तरं होकारार्थी असतील तरच घरी करा. मधला मार्गही चांगला आहे. सफाई आणि मास्किंग घरी करायचं, पावडर आणि बेकिंग दुकानात. भोसरी, चाकण, वाळूज, सातपूर, अंबड, शिरोली, गोकुळ शिरगाव, वागळे इस्टेट अशा औद्योगिक वसाहतींत जॉबवर्कवर पावडर कोटिंग करणारी दुकानं आहेत. तिसरा पर्याय म्हणजे इंजिन इनॅमलचा स्प्रे. तो पावडरइतका टणक नसतो, पण ब्लॉकसारख्या न सुटणाऱ्या भागांना तोच योग्य. तो खराब झाला तर हाताने दुरुस्तही होतो.

पावडर कोणती घ्यावी?

- इपॉक्सी तेल, ग्रीस आणि रसायनांना चांगली तोंड देते. उन्हात मात्र तिची चमक जाऊन पांढरट भुकटी सुटते. बॉनेटखाली ऊन नसल्याने तिथे ती चालते.
- पॉलिस्टर उन्हात टिकते. गाडी बॉनेट उघडून प्रदर्शनात ठेवणार असाल तर ही घ्या.
- हायब्रिड म्हणजे दोन्हींचं मिश्रण. दुकानांत सहज मिळते, आतल्या भागांना पुरते.

पॉलिस्टर घेताना "टीजीआयसी आहे की टीजीआयसी-मुक्त?" हे जरूर विचारा. टीजीआयसी हा हार्डनर आरोग्याला घातक आहे. युरोपात तो आनुवंशिक दोष घडवू शकणाऱ्या रसायनांत गणला जातो. घरी वापरायला टीजीआयसी-मुक्त पावडरच घ्या. तिचा एक स्वभाव लक्षात ठेवा. अशा बहुतेक पावडरींमधून पिकताना थोडं पाणी वाफ होऊन निघतं, म्हणून थर जाड झाला की बारीक छिद्रं पडतात. हात हलका ठेवा.

किती घ्यावी? ७० मायक्रॉनच्या थराला चौरस मीटरमागे साधारण १०० ते ११० ग्रॅम पावडर लागते. उडून जाणारी धरली तरी एका गाडीच्या चार-पाच लहान भागांना अर्धा किलो पुरते. पूर्ण खोका घेऊ नका, सुटी विकणारा दुकानदार शोधा. रंग तोंडी सांगू नका. आरएएल शेडकार्डवरचा क्रमांक सांगा, उदाहरणार्थ काळ्यासाठी ९००५. पावडरची डेटा शीटही मागून घ्या. तापमान आणि वेळ तिच्यावरचीच खरी, व्हिडिओतली नाही.

पावडर घट्ट बंद करून थंड, कोरड्या जागी ठेवा. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेल्या पावडरचे गोळे होतात. कोकणातल्या पावसाळ्यात ती ओलावा धरते. गोळे झालेली पावडर चाळून वापरण्यात अर्थ नाही.

साहित्य

- पावडर गन. ऑनलाइन मिळणाऱ्या काही गन ११० व्होल्टच्या असतात. २३० व्होल्टवर लावल्या की त्या लगेच जळतात. पाकिटावरचा आकडा वाचूनच घ्या.
- कॉम्प्रेसर, रेग्युलेटर आणि पाणी अडवणारा फिल्टर. छोट्या गनला हवेचा दाब फार कमी लागतो, साधारण ५ ते १० पीएसआय. हवा मात्र कोरडी हवी.
- विजेवरचा ओव्हन. त्यात पुन्हा कधीही अन्न शिजवायचं नाही. दारावर तसं मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, म्हणजे घरातलं कुणी चुकून वापरणार नाही.
- उष्णता सोसणारी पॉलिस्टर किंवा पॉलिइमाइड टेप आणि सिलिकॉनचे बूच. रंगकामाची साधी मास्किंग टेप ओव्हनमध्ये करपते आणि तिचा गोंद धातूवर बसतो.
- धातूचं तापमान मोजायचं साधन, मल्टिमीटर, नायट्राइलचे हातमोजे, एन-९५ किंवा त्याहून चांगला मास्क, गॉगल.

वीज आणि अर्थिंग

गनच्या टोकाशी हजारो व्होल्ट असतात. करंट अगदी कमी असला तरी अर्थिंगशिवाय हे काम करू नका. जुन्या घरांत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण अर्थची तार कुठेच जोडलेली नसते. इलेक्ट्रिशियनकडून ती तपासून घ्या, आरसीसीबी बसवून घ्या.

भागाचं अर्थिंग वेगळं तपासा. मल्टिमीटरचं एक टोक भागावर, दुसरं अर्थवर ठेवा. रोध (रेझिस्टन्स) १ मेगाओहमपेक्षा बराच कमी दिसला पाहिजे. जास्त दिसला तर हूक घासून उघडा करा. गेल्या खेपेची पिकलेली पावडर हुकावर राहिली की तोच हूक वीज अडवतो. "पावडर चिकटतच नाही" या तक्रारीचं हे सगळ्यात नेहमीचं कारण आहे.

ओव्हन दोन किलोवॉटचा असेल तर त्याला १६ ॲम्पियरचं स्वतंत्र सॉकेट द्या. एक्स्टेंशन बोर्ड नको. मोठा ओव्हन घेणार असाल तर महावितरणच्या बिलावरचा मंजूर भार आधी पाहा. कमी असेल तर वाढवून घ्या.

ज्यात तडजोड नको

- हवेत तरंगणारी पावडर ठिणगी मिळाली तर पेटते. जवळ गॅस, गीझर, सिगारेट, वेल्डिंग, तापलेला हीटर यांपैकी काहीही नको. ओव्हन पावडर मारायच्या जागेपासून लांब ठेवा.
- सांडलेली पावडर घरातल्या व्हॅक्यूम क्लीनरने ओढू नका. ओलसर फडक्याने पुसा.
- हृदयात पेसमेकर असलेल्यांनी गन हातात घेऊ नये आणि चालू गनजवळ थांबूही नये.
- गन बंद केल्यावर तिचं टोक अर्थ केलेल्या धातूला लावून उरलेला भार घालवा.
- ब्लास्टिंगला नदीची किंवा सिलिकाची वाळू वापरू नका. तिच्या धुळीने फुप्फुसांचा सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. ॲल्युमिनियम ऑक्साइड किंवा काचेचे मणी वापरा.
- बेकिंग चालू असताना दारं-खिडक्या उघड्या ठेवा. मुलं आणि पाळीव प्राणी लांब ठेवा.

काम करण्याच्या पायऱ्या

१. सुटा करा, फोटो काढा. सील, बेअरिंग, रबर, सेन्सर, प्लास्टिक क्लिप, सगळं काढा. प्रत्येक बोल्ट कुठला ते लिहून ठेवा. गॅस्केट नवं आणून ठेवा, जुनं पुन्हा बसवू नका.

२. तेल काढा. रॉकेल किंवा डिग्रीजरने धुवा, मग साबणाच्या गरम पाण्याने, मग साध्या पाण्याने. डॅशबोर्ड पॉलिशसारखा सिलिकॉनचा स्प्रे त्या खोलीत फवारूही नका. त्याचा अंश राहिला की कोटिंगला डोळ्यांसारखे खड्डे पडतात.

३. जुना रंग काढा. ॲल्युमिनियमला कॉस्टिक सोडा किंवा ॲसिड लावू नका. कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं, भाग काळा पडतो आणि ज्वलनशील हायड्रोजन वायू सुटतो. पेंट रिमूव्हर घेताना "ॲल्युमिनियमला चालतो" असं लेबलवर लिहिलेलं पाहून घ्या.

४. ब्लास्टिंग किंवा घासणं. इथे सगळ्यात जास्त सावध राहा. बऱ्याच टॅपेट कव्हरांच्या आतल्या बाजूला तेल अडवणारी पत्र्याची पट्टी रिव्हेटने किंवा स्क्रूने बसवलेली असते. तिच्यामागच्या फटीत ब्लास्टिंगचे कण जाऊन बसतात. कितीही हवा मारा, कितीही धुवा, काही कण राहतातच. इंजिन तापलं, तेल उडालं की ते सुटतात आणि थेट कॅमवर पडतात. पट्टी निघत असेल तर काढा. निघत नसेल तर त्या कव्हराला ब्लास्टिंग करू नका, तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने बाहेरची बाजू घासा. इनटेक मॅनिफोल्डची सगळी तोंडं बुचांनी आणि टेपने बंद केल्याशिवाय ब्लास्टिंगला हात घालू नका.

५. पुन्हा धुवा, वाळवा, मग उघडा हात लावू नका. बोटाच्या तेलाचा डागही कोटिंगखाली दिसतो. घासलेल्या लोखंडावर मुंबई-कोकणच्या दमट हवेत काही तासांतच गंज धरतो. म्हणून घासणं आणि कोटिंग एकाच दिवशी उरका.

६. ओतीव भाग आधी भाजून घ्या. ओतीव ॲल्युमिनियमच्या बारीक छिद्रांत वर्षानुवर्षांचं तेल आणि हवा अडकलेली असते. पावडर पिकताना ती बाहेर येते आणि कोटिंगला फोड आणि टाचणीएवढी छिद्रं पडतात. यावर उपाय एकच. पावडर मारण्याआधी कोरा भाग कोटिंगच्या तापमानापेक्षा १०-२० अंश जास्त तापमानावर अर्धा ते एक तास ठेवा. बाहेर काढल्यावर तेलाचे तपकिरी डाग दिसले तर पुन्हा धुवा, पुन्हा भाजा. डाग येणं थांबेपर्यंत पुढे जाऊ नका. घाई करणारे लोक हीच पायरी गाळतात.

७. मास्किंग. पावडर कुठे नको, याची यादी ही:

- गॅस्केट बसतो तो पृष्ठभाग
- बोल्टचे आटे आणि डॉवेलची भोकं
- बोल्टचं डोकं किंवा वॉशर टेकतो ती जागा
- बेअरिंग आणि ऑइल सीलची घरं
- पुलीच्या खाचा
- अर्थ स्ट्रॅप आणि सेन्सर बसतात त्या जागा

बोल्टच्या डोक्याखाली कोटिंग राहिलं तर इंजिनाच्या उष्णतेने ते दबतं आणि बोल्ट सैल होतो. अल्टरनेटरचा ब्रॅकेट सगळीकडून रंगवला तर अर्थ तुटते आणि बॅटरी चार्ज होत नाही. लेखाच्या सुरुवातीला तेलगळतीचा प्रश्न दिला आहे, त्याचं उत्तरही बहुतेक वेळा गॅस्केटच्या पृष्ठभागावर चढलेल्या पावडरमध्ये सापडतं.

८. पावडर मारा. भाग उघड्या तारेच्या हुकाला टांगा. सुरुवात कोपऱ्यांपासून करा. आतल्या कोपऱ्यांत विजेचं क्षेत्र पोचत नाही, म्हणून पावडर कडांवर जमते आणि कोपरा उघडा राहतो. गनवर व्होल्टेज कमी करायची सोय असेल तर ते उतरवा, दाब कमी करा, गन थोडी तिरपी धरा. तरी नाही बसली तर भाग जरा कोमट करून घ्या. धातू दिसेनासा झाला की थांबा. ओव्हनपर्यंत नेताना भाग कशालाही टेकू देऊ नका. टेकला तर पावडर फुंकून टाका आणि पुन्हा मारा, बोटाने सारखं करू नका.

९. भाजा. ओव्हन आधी तापवून ठेवा. हीटरची सळई समोर असेल तर मध्ये पत्र्याचा आडोसा लावा. आता घड्याळाकडे न बघता भागाकडे बघा. आधी पृष्ठभाग खडूसारखा निस्तेज असतो. मग कडा ओलसर दिसायला लागतात, ओल आत सरकते आणि पाहता पाहता सगळा भाग पाण्याने भिजल्यासारखा चमकतो. पावडर वितळली, पण अजून पिकलेली नाही. डेटा शीटवरची १० किंवा १५ मिनिटं भागाचा धातू ठरलेल्या तापमानाला पोचल्यावर मोजायची. ओव्हनच्या डायलवरचा आकडा हवेचा असतो. पत्र्याचं कव्हर लवकर पोचतं, जाड ओतीव ब्रॅकेटला बराच वेळ लागतो. इन्फ्रारेड थर्मामीटर कोऱ्या चकचकीत ॲल्युमिनियमवर खूपच कमी आकडा दाखवतो, म्हणून तो पावडर वितळलेल्या भागावर रोखा.

१०. थंड होऊ द्या. पाणी मारू नका. टेप आणि बूच भाग कोमट असतानाच काढा. पूर्ण थंड झाल्यावर काढले तर कडा फाटते.

पहिल्यांदा टाकाऊ तुकड्यावर

गाडीच्या भागाला हात लावण्याआधी त्याच जाडीच्या भंगार पत्र्यावर सगळी पद्धत करून पाहा. मग दोन चाचण्या घ्या. ब्लेडने बारीक चौकटी कापा, त्यावर चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढा. चौकटी निघाल्या तर सफाई कमी पडली आहे. दुसऱ्या जागी ॲसिटोनमध्ये बुडवलेल्या कापसाने काही वेळा घासा. चमक किंचित गेली तर चालेल. रंग कापसावर आला किंवा कोटिंग मऊ पडलं तर ते कच्चं आहे.

काय बिघडलं, ते कसं ओळखाल?

- टाचणीएवढी छिद्रं किंवा फोड: ओतीव भाग पुरेसा भाजला नाही, किंवा थर जाड झाला.
- संत्र्याच्या सालीसारखा पृष्ठभाग: थर कमी किंवा जास्त, नाहीतर भाग फार सावकाश तापला.
- गोल खड्डे: तेल, सिलिकॉन किंवा कॉम्प्रेसरच्या हवेतलं पाणी.
- पांढरा रंग पिवळट: तापमान किंवा वेळ जास्त.
- नखाने निघणारं कोटिंग: कच्चं राहिलं किंवा खाली तेल राहिलं.

हलका दोष घासून वर दुसरा थर देता येतो. तेलामुळे आलेला दोष झाकत बसू नका. सगळं काढा आणि पुन्हा सुरुवात करा.

बसवण्याआधी

भाग आतून-बाहेरून गरम साबणाच्या पाण्याने धुवा, हवा मारा, पांढरं फडकं फिरवा. फडक्यावर एकही कण आला तर पुन्हा धुवा. आट्यांत टॅप फिरवून पावडर काढा. बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच आवळा. इंजिन एकदोनदा गरम-थंड झाल्यावर टॉर्क पुन्हा तपासा.

उरलेली पावडर आणि झाडलेली धूळ मोरीत किंवा गटारात सोडू नका. ती पत्र्याच्या डब्यात घालून ओव्हनमध्ये भाजली की घट्ट गोळा होतो, तो घनकचऱ्यात द्या. रिमूव्हर आणि तेलकट रॉकेलही गटारात नको.

दुकानातून करून घेताना

देण्याआधी हे विचारा:

- ॲल्युमिनियमची सफाई वेगळी करता का? बऱ्याच दुकानांतल्या सफाईच्या सात टाक्या लोखंडासाठी असतात. त्यातल्या ॲसिडमध्ये ॲल्युमिनियम टाकू नये.
- ब्लास्टिंग कशाने करता? नको असेल तर "ब्लास्टिंग नको" असं चलनावर लिहून घ्या.
- मास्किंग कोण करणार? भागावर मार्करने खुणा करा आणि फोटो द्या.
- ओतीव भाग आधी भाजता का?

बिल घ्या. बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष सेवेचे पैसे परत करायला नकार देणंही त्यातच येतं. बिलावर परताव्याची मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवस धरले जातात. म्हणून भाग हातात आल्या आल्या तपासा आणि दोष दिसला तर लगेच लेखी कळवा, व्हॉट्सॲपवर फोटोसह कळवलं तरी चालेल. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. तक्रारीची मुदत दोन वर्षं असते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही.

ऑनलाइन घेतलेली गन सदोष निघाली तर संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. ई-कॉमर्स नियम २०२० नुसार त्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिनाभरात निवारण करायचं असतं. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ जपून ठेवा.

कायद्याच्या तीन गोष्टी

- इंजिन नंबर. तो ज्या भागावर ठोकलेला आहे त्यावर ब्लास्टिंग, घासणं, कोटिंग काहीही नको. नोंदणीचं नूतनीकरण किंवा गाडी नावावर करताना आरटीओत तो तपासला जातो. पुसट झाला तर गाडी तुमचीच असूनही संशय तुमच्यावर येतो.
- वॉरंटी. गाडी वॉरंटीत असेल तर भाग उघडण्याआधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून लेखी विचारून घ्या.
- दुसऱ्यांची कामं. मित्राचं एखादं कव्हर वेगळं आणि पैसे घेऊन धंदा करणं वेगळं. घरगुती मीटरवर धंदा केला तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापराची आकारणी होऊ शकते. धंदा करायचाच असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आणि महापालिकेकडे परवानगीची चौकशी आधी करा.

शेवटी सल्ला एवढाच

पत्र्याची कव्हरं, ब्रॅकेट, ट्रे घरी जरूर करा. ओतीव भाग हात बसल्यावर करा. आतली पट्टी न निघणारं कव्हर ब्लास्टिंगला देऊ नका आणि एक्झॉस्टला ही पावडर लावू नका. भाग बसवताना आत एखादा कण राहिल्याची शंका आली, तर तो त्या दिवशी बसवू नका. पुन्हा धुवा. गाडी एक दिवस उशिरा सुरू झाली तर काही बिघडत नाही.